निफाडच्या गाजराच्या प्रकल्प नोंदी : जमिनीचे तापमान, संप्रेरके आणि मुळाची प्रत

१२ ऑगस्ट : मांडणी

जागा निफाड तालुक्यातली, गोदाकाठची पोयट्याची जमीन. तालुक्यातल्या भारी काळ्या रानात गाजर घेण्यात अर्थ नाही. वाळताना जमीन आवळते आणि मुळाचे टोक तिथेच वाकते.

प्रश्न एवढाच : गाजर फिक्के, आखूड, दांडेल निघाले की दोष बियाण्यावर नाहीतर खतावर जातो. मूळ भरत असताना दहा सेंटिमीटर खोलीवरची माती किती तापली होती, हे कोणी मोजत नाही. दुसरी गोष्ट अशी की द्राक्षपट्ट्यात घरोघरी जीएची (जिबरेलिक अॅसिड, म्हणजे वाढ लांबवणारे जिबरेलिन संप्रेरक) पुडी असतेच, आणि "दोन फवारे गाजरालाही मारून बघू" हा मोह ठरलेला. दोन्ही एकाच रानात तपासायचे.

वाफे १.५ × ३ मीटरचे, २० सेंमी उंच गादीवाफे, ओळी ३० सेंमीवर. प्रत्येक वाफ्यात दोन ओळी पुसा केसर (लाल, उष्ण हवामानाचा गट) आणि दोन ओळी नॅन्टीस (नारिंगी, थंड हवामानाचा गट). पेरण्या तीन : ऑगस्टअखेर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, नोव्हेंबरच्या मध्याला. पहिल्या पेरणीचे मूळ ऑक्टोबरच्या उन्हात भरेल, दुसरीचे डिसेंबरमध्ये, तिसरीचे जानेवारीच्या कडाक्यात. तापमान बदलायला याहून स्वस्त उपाय नाही. प्रत्येक उपचाराचे तीन वाफे, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवलेल्या.

शेणखत मागच्या मे महिन्यातच पडलेले आहे. ताजे शेणखत घातले की गाजराला फाटे फुटतात आणि मग तापमानाचा परिणाम कुठला, खताचा कुठला, काहीच कळत नाही.

१९ ऑगस्ट : सेन्सर

डीएस१८बी२० जातीचे, स्टीलच्या नळीतले, तापमान मोजणारे जलरोधक सेन्सर. खोली ५, १० आणि २० सेंमी. कृषी हवामान वेधशाळांतही मातीचे तापमान याच खोल्यांवर घेतात. एका ईएसपी३२ पाटीला (नोंदी घेणारा छोटा संगणक) सगळे एकाच तारेवर जोडले. डेटा आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रोधक लागतो, तो विसरला तर एकही सेन्सर सापडत नाही. दर १५ मिनिटांनी नोंद, मेमरी कार्डावर.

पुरण्याआधी सगळे सेन्सर एका बादलीत, कुटलेला बर्फ आणि पाणी यांच्या घट्ट लगद्यात अर्धा तास ठेवले. अर्ध्या अंशाच्या आत असतील ते घेतले. जो फरक दिसला तो सेन्सरच्या क्रमांकापुढे लिहून ठेवला. नुसत्या गार पाण्यात ही तपासणी करू नये, पाणी शून्यावर नसते.

पुरण्याची रीत महत्त्वाची. वरून भोक पाडून सेन्सर उभा खोचला तर नळी आणि तार वरची उष्णता खाली नेतात आणि आकडा जास्त येतो. वाफ्याच्या कडेला खड्डा घेऊन त्याच्या भिंतीत लोखंडी सळईने आडवे भोक पाडायचे, सेन्सर न हललेल्या मातीत आडवा सारायचा, आणि तारही वीत-दीड वीत त्याच खोलीवर नेऊन मग वर काढायची. भोवती पोकळी राहिली तर ओल्या मातीचे लगदे करून भरायची.

२२ ऑगस्ट : पहिली पेरणी

बियांवरचे बारीक काटे हाताने चोळून काढले, नाहीतर बी एकमेकांत अडकून पुंजक्याने पडते. चाळलेल्या वाळूत मिसळून दीड सेंमी खोल ओळीत पेरले. तीन वाफे उघडे. तीन वाफ्यांत उगवण झाल्यावर ओळींच्या मधे उसाचे पाचट पसरायचे.

४ सप्टेंबर

उगवण चांगली. ५ सेंमीवर दुपारचे तापमान ढगाळ हवेमुळे २९-३० च्या वर गेलेले नाही. गाजराच्या बियाला २० ते ३० अंश मानवते, सहा-सात दिवसांत कोंब दिसतो. १० अंशांवर त्याच बियाला अडीच आठवडे लागतात, आणि ३५ च्या वर उगवणच ढासळते.

पाचट ६ सेंमी जाडीचे पसरले. रोपांना चिकटू दिले नाही, नाहीतर कोवळी रोपे पिवळी पडून कोलमडतात. पाचट मातीत मिसळायचे नाही. मिसळले तर कुजवणारे जीवाणू नत्र ओढून घेतात.

१८ सप्टेंबर

विरळणी, दोन रोपांत ८ सेंमी. संध्याकाळी केली. विरळणीनंतर लगेच हलके पाणी, म्हणजे शेजारच्या रोपांची हललेली मुळे बसतात. या वयात खाली गेलेले टोक म्हणजेच पुढच्या गाजराची लांबी. पहिल्या तीन आठवड्यांत मूळ जितके खोल जाते तितकेच गाजर लांब होते. पुढे ते फक्त जाड होते. टोक दुखावले की दुशेंडी गाजर निघते.

पानांवर करप्याचे ठिपके, पावसाच्या झडीनंतर. फवारणी केली, पुढे वाढला नाही.

६ ऑक्टोबर

पाऊस ओसरला आणि ऊन लागले. उघड्या वाफ्यात १० सेंमीवर दुपारी ३२ च्या आसपास, पाचटाखाली २७-२८. पहाटेचे आकडे मात्र उलटे : पाचटाखालची माती उघड्या मातीपेक्षा अर्धा-पाऊण अंश गरमच. आच्छादन जमीन गार करते असे आपण बोलतो. खरे तर ते दिवस-रात्रीतली तफावत कमी करते. दुपारी गार ठेवते, रात्री उबदार. उन्हाळी हवेत त्याचा फायदा होतो, कडाक्याच्या थंडीत तोटा होईल की नाही हे ठिकाणावर अवलंबून.

आणखी एक. १० सेंमीवरचे सर्वांत जास्त तापमान दुपारी दोनला येत नाही, साडेतीन-चारला येते. २० सेंमीवर तर दिवे लागायच्या वेळेला. दुपारी दोनला थर्मामीटर खुपसून "माती काही फार तापत नाही" असे म्हणणाऱ्याची इथेच फसगत होते.

१० ऑक्टोबर : दुसरी पेरणी

बारा वाफे : उघडे तीन, पाचटाचे तीन, संप्रेरकांचे सहा (जीएचे तीन, वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वॅटचे तीन). उघड्या तीन वाफ्यांवर फवारणीच्या दिवशी नुसते पाणी मारायचे, म्हणजे तुलना त्यांच्याशी.

५ सेंमीवर दुपारी ३७-३८ अंश. अशा मातीत बी पेरून सकाळी पाणी देणे म्हणजे बी भाजणे. म्हणून पेरणी संध्याकाळी, पाणी संध्याकाळी, आणि ओळींवर ओले गोणपाट. गोणपाटाखाली ५ सेंमीचे तापमान ३० च्या आत राहिले. पाचव्या दिवसापासून रोज सकाळी गोणपाट उचलून पाहायचे, पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी काढायचे. दोन दिवस उशीर झाला तर कोंब गोणपाटाच्या विणीत शिरतात आणि काढताना उपटून येतात.

२१ ऑक्टोबर

एका उघड्या वाफ्याच्या नोंदीत मधेच ८५ अंश, दुसऱ्यात उणे १२७. पहिला आकडा म्हणजे सेन्सर चालू झाल्यावर मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचला गेला. कार्यक्रमात पाऊण सेकंदाची वाट टाकली की जातो. उणे १२७ म्हणजे तार तुटली. उंदराने कुरतडली होती. तार अर्ध्या इंची ठिबकच्या नळीत घालून पुन्हा पुरली. दोन्ही आकडे सरासरीत घेतले तर सगळा दिवस बिघडतो, म्हणून ते आधी गाळायचे.

१२ नोव्हेंबर : तिसरी पेरणी

सहा वाफे. तीन उघडे, तीन वाफ्यांत ओळींच्या मधे २५ मायक्रॉनचा काळा प्लॅस्टिकचा कागद. इथे उद्देश उलटा, माती उबदार ठेवण्याचा.

१४ नोव्हेंबर : पहिली फवारणी

दुसऱ्या पेरणीला पस्तीस दिवस. मूळ पेन्सिलीच्या निम्म्या जाडीचे. आतल्या विभाजक थराने (कॅम्बियम) काम सुरू केलेले आहे : आत काष्ठ, बाहेर अन्नवाहक ऊती. गाजराची गोडी आणि रंग मुख्यतः बाहेरच्या भागात असतो, मधला गाभा जितका लहान तितके गाजर चांगले. या थराला ऑक्झिन आणि सायटोकायनिन ही संप्रेरके चालवतात. जिबरेलिन जास्त झाले तर झाडाचा कल पाल्याकडे जातो आणि आतल्या काष्ठात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) वाढते.

जीए ५० पीपीएम (दहा लाखात पन्नास भाग). ९० टक्के शुद्धतेची पूड १.१ ग्रॅम, ५० मिली अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवून पाण्याने एक लिटर. हे हजार पीपीएमचे मूळ द्रावण. त्यातले ५० मिली घेऊन पाण्याने एक लिटर केले की ५० पीपीएम. पूड थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या तळाशी बसतात आणि पंपाचा शेवटचा भाग तीव्र जातो. विहिरीच्या पाण्याचा सामू ८ च्या वर. अशा पाण्यात जीए लवकर निकामी होते. सायट्रिक अॅसिडने सामू ६ वर आणला. द्राक्षवाल्यांना हे सांगावे लागत नाही.

क्लोरमेक्वॅट ५० टक्के द्रावण, लिटरला १ मिली, म्हणजे ५०० पीपीएम. हे रोपात जिबरेलिन तयार होण्याचा मार्ग अडवते. गाजरावर याची शिफारस नाही; वाफे फक्त चाचणीसाठी. या सहा वाफ्यांतले एकही गाजर बाजारात किंवा घरात जाणार नाही, जनावरांनाही पाला घालायचा नाही. २०१० च्या हंगामात युरोपला गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅटचे अवशेष सापडले तेव्हा माल कसा अडकला, ते या तालुक्याला वेगळे सांगायला नको.

पॅक्लोब्युट्राझोलचा (हेही जिबरेलिन अडवणारे रसायन) विचार सोडला. आंब्यात ते मातीतूनच देतात, आणि मातीत ते फार काळ राहते. पुढच्या पिकाची वाढ त्याच जागी खुंटली तर दोन हंगामांचे रान अडकते.

फवारणी सकाळी आठच्या आत, वारा पडलेला, वाफ्याभोवती गोणपाट धरून.

२६ नोव्हेंबर : पहिली पेरणी, काढणी

उघड्या वाफ्यांतले नॅन्टीस : आखूड, खांद्याकडे जाड, टोक बोथट, रंग पिवळट नारिंगी. आडवा काप घेतला की गाभा अर्ध्याहून जास्त व्यासाचा आणि बाहेरच्या भागापेक्षा स्पष्ट फिकट. पाचटाचे नॅन्टीस बोटभर जास्त लांब आणि रंगाने बरे. तरी चांगले म्हणता येणार नाही. गाजराचा रंग १५ ते २० अंशांच्या पट्ट्यात सर्वांत चांगला भरतो, आणि या पेरणीची माती भरणीच्या काळात त्या पट्ट्यात आलीच नाही.

केसरने उन्हाळी हवा बरीच सोसली. लाल रंग उतरला, पण लांबी फारशी गेली नाही. ऑगस्टला गाजर करायचेच असेल तर केसरसारखे वाण घ्यावे, नॅन्टीसच्या नादी लागू नये.

ब्रिक्स (रसातल्या साखरेचा आकडा) मोजला, द्राक्षाचाच रिफ्रॅक्टोमीटर. गाजर किसून कापडातून पिळायचे आणि दोन थेंब काचेवर. मुळाच्या मधल्या तिसऱ्या भागाचाच कीस घ्यावा. खांदा आणि टोक यांचा आकडा वेगळा येतो. उघड्या आणि पाचटाच्या वाफ्यांत ब्रिक्सचा फरक किरकोळ, चवीचा मात्र ठळक. उघड्या वाफ्यातले गाजर चावल्यावर आधी गोड लागते आणि मागून राळेसारखा उग्र, कडवट झटका येतो. ही टर्पिनांची (गाजरातल्या उग्र वासाच्या तेलांची) चव. नॉर्वेत नियंत्रित कक्षांमध्ये ९ ते २१ अंशांवर गाजरे वाढवून पाहिलेली आहेत : गार हवेतली गोड आणि रसदार, उबदार हवेतली कडवट. ब्रिक्सच्या आकड्यावर भाव ठरवणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

२९ नोव्हेंबर : दुसरी फवारणी

त्याच मात्रा. जीएच्या वाफ्यांतला पाला पाण्याच्या वाफ्यांपेक्षा वीतभर उंच, देठ लांब आणि फिकट, वाऱ्याने लोळतो. क्लोरमेक्वॅटचा पाला बुटका, गडद हिरवा, ताठ. रस्त्यावरून पाहणाऱ्याला जीएचे वाफेच जोमदार वाटतील.

१२ डिसेंबर

सर्व वाफ्यांना मातीची भर. खांदे उघडे राहिले तर उन्हाने हिरवे आणि कडू होतात.

दुसऱ्या पेरणीच्या उघड्या वाफ्यांत १० सेंमीवर पहाटे १७, दुपारनंतर २४. पाचटाखाली १८ ते २१. हाच तो पट्टा. पाचट उचलून पाहिले, एका कडेला वाळवी. पाचट मुळापासून ४ बोटे मागे सरकवले, पाणी वाढवले.

२ जानेवारी

थंडीचा कडाका. तिसऱ्या पेरणीच्या उघड्या वाफ्यांत १० सेंमीवर पहाटे १३, पाल्याची वाढ थबकल्यासारखी. काळ्या कागदाच्या वाफ्यांत दोन ते तीन अंश जास्त आणि पाला चालू.

पाणी देण्याची वेळ बदलली. ओली माती सावकाश तापते आणि सावकाश गार होते. कडाक्यात सकाळी उशिरा पाणी द्यावे, विहिरीचे पाणी त्या वेळी मातीपेक्षा उबदारच असते. ऑक्टोबरमध्ये हेच पाणी संध्याकाळी द्यायचे.

२० जानेवारी : दुसरी पेरणी, काढणी

पाचटाचे वाफे पहिल्या नंबरचे. नॅन्टीस सरळ, टोकापर्यंत सारख्या जाडीचे, गाभा आणि बाहेरचा भाग जवळजवळ एका रंगाचे. साल गुळगुळीत. उघडे वाफे थोडेच मागे.

जीएचे वाफे : पाला भरघोस, खाली बारीक गाजर. ओढताना मऊ न लागता दोरी ओढल्यासारखे येते. लिग्निन पाहण्यासाठी दीड मिलिमीटरच्या चकत्या काचेवर ठेवून फ्लोरोग्लुसिनॉलचे (हे लिग्निनला लाल रंगवते) २ टक्के अल्कोहोलमधले द्रावण दोन मिनिटे आणि वर तीव्र हायड्रोक्लोरिक अॅसिडचा थेंब. (हातमोजे, उघडी हवा, आणि चकत्या नंतर पुरून टाकायच्या.) पाण्याच्या वाफ्यातल्या चकतीत मधोमध गुलाबी ठिपक्यांची विरळ चांदणी उमटली. जीएच्या चकतीत गाभ्यापासून निघालेल्या आऱ्या सलग लालभडक झाल्या, आणि सुरीला जो कचकच आवाज येत होता तो कुठून येत होता ते दिसले. केसरची चकती मूळचीच लाल असल्याने हा रंग तिच्यावर नीट वाचता येत नाही; ही तपासणी नॅन्टीसवरच करावी.

केसरच्या ओळींत जीएच्या वाफ्यांत काही रोपांचा मधला कोंब फुलदांड्यासाठी उठलेला, कांद्याला डेंगळे येतात तसा. पाण्याच्या वाफ्यांत एकही नाही. १९५७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ अँटोन लँग यांनी थंडी न देता नुसत्या जिबरेलिनवर गाजराला फुलवून दाखवले होते, तेव्हा हे घडणारच. फुलदांडा उठला की मुळातली साखर वर जाते आणि गाभ्याचे लाकूड होते. मग ते गाजर शिजवूनही मऊ पडत नाही.

क्लोरमेक्वॅटचे वाफे : पाल्याच्या मानाने मूळ वजनदार, आकार नेटका. रंग पाण्याच्या वाफ्यांसारखाच, ब्रिक्सही तितकाच. (चव घेतली नाही, अर्थातच.) म्हणजे पाल्याचा हिस्सा मुळाकडे वळवता येतो, पण रंग मातीच्या तापमानानेच ठरला. हे रसायन बाजूला ठेवून नत्र आवरते घेतले तरी पाला आटोक्यात येतो, आणि अवशेषांची भानगड नाही.

रंग आणि जिबरेलिन यांचे नाते जवळचे आहे. कॅरोटिन (गाजराचे नारिंगी रंगद्रव्य) आणि जिबरेलिन दोन्ही एकाच कच्च्या मालापासून, जेरॅनिलजेरॅनिल डायफॉस्फेटपासून, बनतात. अॅबसिसिक अॅसिड हे आणखी एक संप्रेरक तर कॅरोटिनॉइडांपासूनच तयार होते. पण म्हणून जिबरेलिन अडवले की कॅरोटिन आपोआप वाढेल असा हिशेब करता येत नाही. आमच्या वाफ्यांत तरी रंग वाढला नाही.

१८ फेब्रुवारी : तिसरी पेरणी, काढणी

उघड्या वाफ्यांतले नॅन्टीस लांब, बारीक, खाली निमुळते. चव गोड, रंग किंचित उतरलेला. माती १५ च्या खाली राहिली की मूळ लांबते आणि भरत नाही. काळ्या कागदाच्या वाफ्यांत भरणी चांगली, रंगही. मात्र फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन वाढले तसे कागदाखाली १० सेंमीवर २८ गाठले. कागद ३१ जानेवारीच्या सुमारास काढायला हवा, नाहीतर जानेवारीत कमावलेले फेब्रुवारीत जाते.

केसर ताबडतोब काढले. उष्ण गटाच्या वाणांना फुलायला फारशी थंडी लागत नाही आणि दिवस मोठे होऊ लागले की ती थांबत नाहीत. नॅन्टीसला फुलायला दीड-दोन महिने सलग १० अंशांखालची थंडी लागते; निफाडची थंडी पहाटेपुरती असते, त्यामुळे तो धोका इथे नाही. याच कारणाने नॅन्टीसचे बीही इथे धरता येत नाही, ते थंड डोंगराळ भागातूनच यावे लागते.

५ मार्च : साठवण

पाण्याच्या वाफ्यांतली चांगली गाजरे पाला कापून, न धुता, भोके पाडलेल्या पिशव्यांत घरगुती फ्रिजमध्ये ठेवली होती. निम्म्या पिशव्यांत पिकती केळी. केळ्याबरोबरची गाजरे दिसायला तशीच टणक, चवीला कडू. पिकत्या फळातून सुटणारे इथिलीन हेही संप्रेरकच. हवेत अर्धा पीपीएम इथिलीन असले तरी दोन आठवड्यांत गाजरात आयसोकुमारिन साठून कडवटपणा कळू लागतो. तो मुख्यतः सालीत असतो, त्यामुळे जाड साल काढली की बराच जातो. टर्पिनांचा उग्रपणा साल काढून जात नाही. कडू गाजराची तक्रार आली तर आधी साल काढून चाखावे : गेला तर दोष साठवणीचा, राहिला तर बहुधा रानाचा.

शीतगृहात गाजर शून्य अंश आणि ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रतेला चांगले राहते, पण त्याच खोलीत सफरचंद, केळी, टोमॅटो नको.

पुढच्या हंगामासाठी : नॅन्टीसची पेरणी १० ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर, गोणपाट उगवणीपर्यंत, पाचट विरळणीनंतर ते भरणी संपेपर्यंत. ऑगस्टच्या पेरणीत फक्त केसर. नोव्हेंबरच्या मध्याला पेरले तर काळा कागद जानेवारीअखेरपर्यंतच. जीए द्राक्षालाच. शेजारच्या द्राक्षबागेत जीएची फवारणी चालू असेल त्या आठवड्यात गाजराच्या कडेच्या चार ओळींवर नजर ठेवायची. वाऱ्याने आलेला तुषार पाल्याचे देठ लांबवून स्वतःच कळवतो. तशा ओळींतली गाजरे वेगळी काढावीत.